मोठी लिपी, लहान लिपी : लिनक्समधील एका अक्षरभेदाचा इतिहास

नवी दिल्लीत कनॉट प्लेसकडून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग एके काळी कर्झन रोड म्हणून ओळखला जाई. नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर असल्याने मराठी माणसाला तो अनोळखी नाही. मात्र याच मार्गावरील २५ क्रमांकाच्या ‘जीवन प्रकाश’ इमारतीत भारतीय विज्ञानाच्या इतिहासातील एका महत्त्वाच्या संस्थेचे कार्यालय अनेक वर्षे होते, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. ती संस्था म्हणजे अर्नेट इंडिया. शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारे हे जाळे केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ मध्ये हाती घेतले. मुंबईची एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे त्याचे आरंभीचे आठ भागीदार होते.

१९८९ मध्ये मुंबईहून अमेरिकेतील यूयूनेटशी जोडणी झाली, ती सेकंदाला ९.६ किलोबिट वेगाची होती. सारे काही सुरळीत चालले तरी एक मेगाबाइटची फाइल उतरवायला १४ मिनिटे लागत. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तोवर हे दार जवळजवळ फक्त संशोधकांचेच होते. या दारातून पत्रे आली, शोधनिबंध आले, आज्ञावल्या आल्या आणि त्यांच्यासोबत युनिक्स जगाची एक सवयही आली. या जगात मोठ्या लिपीतले ‘ए’ आणि लहान लिपीतले ‘ए’ ही दोन वेगळी अक्षरे असतात, एकाच अक्षराची दोन रूपे नव्हेत.

मराठी शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याला हा भेद निराळ्या रूपात ठाऊक होता. इंग्रजीच्या चार लिप्या घोटून घेतल्या जात. वाक्याचे पहिले अक्षर आणि विशेषनाम मोठ्या लिपीत. चुकले तर गुण कापले जात, पण अर्थ बदलत नसे. देवनागरीत तर हा भेदच नाही. (याच कारणाने पुढे येणारी उदाहरणे येथे जशीच्या तशी दाखवता येणार नाहीत, कोणते अक्षर मोठे आणि कोणते लहान, हे शब्दांनीच सांगावे लागेल.) यंत्रापुढे बसल्यावर मात्र तीच गुण कापण्यापुरती चूक अर्थ बदलू लागली.

हा नियम कुणी विचारपूर्वक बसवला, असे समजण्याचे कारण नाही. फोरट्रान १९५७ मध्ये आली तेव्हा पंचकार्डांवर फक्त मोठी लिपी होती. आस्की ही अक्षरसंहिता १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्या पहिल्या आवृत्तीत लहान लिपी नव्हतीच. ती १९६७ च्या सुधारित आवृत्तीत आली आणि तिची मांडणी मोठी चतुर होती. मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, लहान ‘ए’चा ९७. फरक ३२, म्हणजे एकाच बिटाचा. एक बिट झाकला की भेद नाहीसा होतो, उघडा ठेवला की दिसू लागतो. भेद पाळायचा की नाही, हा निर्णय अशा रीतीने आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाती गेला. तो प्रत्येकाने आपापल्या सोयीने घेतला आणि आजवरच्या गोंधळाचे मूळ तेथे आहे.

१९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सला आरंभ केला. त्या काळी सर्रास दिसणारा ‘मॉडेल ३३’ हा टेलिटाइप केवळ मोठ्या लिपीत छापू शके. ‘मॉडेल ३७’ दोन्ही लिप्या छापी. युनिक्सने फाइलच्या नावांबाबत सर्वांत सोपा मार्ग घेतला. नाव म्हणजे बाइटांची माळ. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालेल. दोन माळा तंतोतंत जुळल्या तरच नाव एक. भाषेचे कोणतेही ज्ञान या तुलनेला लागत नाही, म्हणून ती जलद आणि निःसंदिग्ध ठरली. जुन्या टेलिटाइपवाल्यांची सोय लॉगइनच्या वेळी केली होती. कुणी आपले नाव सगळे मोठ्या लिपीत टंकले, की याच्याकडे लहान लिपीच नाही असे यंत्र समजे आणि पुढचे सारे टंकन लहान लिपीत वळवून घेई. खरे मोठे अक्षर हवे असल्यास त्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागे. लिनक्सच्या लॉगइन व्यवस्थेत आजही अशा टर्मिनलची ओळख पटवण्याची सोय शिल्लक आहे, जरी ते टेलिटाइप केव्हाच संग्रहालयांत गेले असले तरी.

अर्नेटवरील पत्त्यात तर दोन्ही परंपरा शेजारी नांदत. १९८७ च्या नियमांनुसार डोमेन नावांत लहान-मोठ्या लिपीचा भेद मानायचा नव्हता. पत्त्याच्या डाव्या बाजूचे, म्हणजे वापरकर्त्याचे नाव मात्र तत्त्वतः भेद पाळणारे होते. एकाच ओळीत, एकाच चिन्हाच्या अल्याड एक कायदा आणि पल्याड दुसरा. आज्ञावली बांधण्याच्या व्यवहारात हाच प्रकार पदोपदी भेटतो.

आज्ञावली बांधणे म्हणजे मूळ मजकुरापासून यंत्राला चालवता येईल असे रूप तयार करणे. त्या वेळी तिच्यात काय घ्यायचे, काय वगळायचे, गणित किती अचूकतेने करायचे, हे पर्याय देऊन सांगावे लागते. स्टुअर्ट फेल्डमन यांचे ‘मेक’ हे साधन १९७६ चे. त्यात चलांची नावे मोठ्या लिपीत लिहिण्याचा प्रघात पडला, आणि सी भाषेतील मॅक्रोंचाही. डोळ्यांना ती नावे चटकन वेगळी दिसावीत, एवढाच त्यामागचा हेतू. परंतु ‘मेक’चा आणखी एक स्वभाव होता. ज्या चलाला कधी मूल्यच दिलेले नाही, ते रिकामे मानून पुढे जायचे. कंपायलरला द्यायच्या सूचनांचे ‘सीफ्लॅग्ज’ हे नाव कुणी लहान लिपीत लिहिले, तर त्या सूचना कुठेही पोहोचत नाहीत आणि ‘मेक’ तक्रारही करत नाही. मॅक्रोचेही तसेच. पर्यायाचे नाव चुकले म्हणजे तो पर्याय मागितलाच नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो.

हा स्वभाव कसा महागात पडू शकतो हे पाहण्याआधी त्याच्या उलट प्रकार पाहणे उपयोगी आहे, कारण तेथे चूक लपत नाही. फोरट्रान लहान-मोठा भेद मानत नाही, सी मानते. वैज्ञानिक गणनेत या दोघींना एकत्र नांदावे लागते. बहुतेक फोरट्रान कंपायलर नाव लहान लिपीत उतरवून त्याच्या शेवटी अधोरेषा जोडतात. आयबीएमच्या जुन्या यंत्रांवर अधोरेषा नसे. क्रे यंत्रांवर सगळे नाव मोठ्या लिपीत होई. जगातील ५०० सर्वांत वेगवान महासंगणकांची यादी ज्या लिनपॅक चाचणीवर ठरते, तिच्या ‘एचपीएल’ या आज्ञावलीत म्हणूनच एक पर्याय आहे. फोरट्रानची नावे कोणत्या रूपात शोधायची, हे तो सांगतो. त्याच्या रूपांपैकी एक आहे ‘अपकेस’, सगळी अक्षरे मोठी. गंमत अशी, की या पर्यायाचे स्वतःचे नाव मिश्र लिपीत आहे : त्यातील ‘यू’ आणि ‘सी’ मोठे, बाकीची अक्षरे लहान. अक्षरभेद मिटवण्यासाठी केलेला पर्यायच अक्षरभेद पाळल्याखेरीज चालत नाही. येथे चूक झाली तर जोडणीच्या टप्प्यावर नावे सापडत नाहीत, बांधणी थांबते आणि चूक उघड होते. पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम पद्म’ २००३ मध्ये त्या यादीत १७१ व्या क्रमांकावर आला, ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२० मध्ये ६३ व्या. नोव्हेंबर २०१७ पासून तर त्या यादीतील पाचशेच्या पाचशे यंत्रांवर लिनक्सच आहे, म्हणजे तेथील आज्ञावल्या युनिक्सचाच हा वारसा घेऊन बांधल्या जातात.

लिनक्सची घोषणा ऑगस्ट १९९१ ची. दोन वर्षांतच त्याभोवती आज्ञावल्यांची तयार गाठोडी, म्हणजे पॅकेजेस, पुरवणारी वितरणे उभी राहू लागली आणि नावांचा प्रश्न नव्याने आला. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनने आपल्या धोरणात सरळ लिहून ठेवले की पॅकेजच्या नावात अक्षरे फक्त लहान लिपीतील असतील. त्यासोबत अंक, अधिक-उणे चिन्हे आणि टिंब एवढेच चालेल. रेड हॅटच्या परंपरेतील फेडोराने मूळ लेखकाचे लेखन जपले. म्हणून ‘इमेजमॅजिक’ हे चित्रांवर काम करणारे साधन फेडोरात दोन मोठ्या ‘आय’ आणि ‘एम’सह भेटते, डेबियनमध्ये सगळे लहान लिपीत. ‘नेटवर्कमॅनेजर’ फेडोरात असाच जोडून, दोन मोठ्या अक्षरांनी लिहितात. डेबियनमध्ये त्याचे दोन लहान शब्द होतात, मध्ये आडवी रेघ. सी-डॅकचे ‘बॉस’ हे भारतीय लिनक्स डेबियनवर उभे असल्याने त्यालाही लहान लिपीचाच नियम लागू झाला. दोन्हींत डेबियनचा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. भेद पाळायचाच असेल, तर निदान निवडीला वाव ठेवू नये.

पॅकेजांच्या नावांना शिस्त लावता आली. बांधणीच्या पर्यायांना ती लागली नाही, कारण ते पर्याय वितरणाचे नसून प्रत्येक मूळ प्रकल्पाचे असतात. गेंटू या वितरणात वापरकर्ता स्वतःच्या यंत्रावर सारे काही बांधतो आणि कोणत्या सोयी हव्यात हे ‘यूज’ खुणांनी सांगतो. त्या जवळजवळ सगळ्या लहान लिपीत असतात. अपवाद एका अक्षराच्या खुणेचा : चित्रमय पडद्यासाठीचे ‘एक्स’ मोठेच हवे. लहान ‘एक्स’ लिहिणाऱ्याला काहीच मिळत नाही. लिनक्सच्या गाभ्यासाठी २००२ मध्ये आलेल्या ‘केकॉन्फिग’ पद्धतीत पर्यायाचे नाव मोठ्या लिपीत असते आणि त्याचे उत्तर लहान ‘वाय’, ‘एम’ किंवा ‘एन’. तेथे मोठे ‘वाय’ लिहिले तर मूल्य अवैध असल्याचा इशारा मिळतो. ‘सीमेक’मध्ये याहून मजेदार स्थिती आहे : बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडील नाव अक्षरभेद पाळते, उजवीकडचे ‘ऑन’ किंवा ‘ऑफ’ कोणत्याही लिपीत चालते. अर्नेटच्या पत्त्याप्रमाणेच, एका ओळीत दोन कायदे.

‘ऑटोकॉन्फ’ने बनवलेल्या ‘कॉन्फिगर’ लिपिकाची गोष्ट थोडी वेगळी, आणि तिच्यात कारणही दडले आहे. ग्नू प्रकल्पाच्या मानकांनुसार अनोळखी पर्याय आला तरी बांधणी थांबवायची नसते. ऐकताना हे बेजबाबदार वाटते. पण मोठ्या पॅकेजच्या पोटात अनेक उपपॅकेजे असतात आणि वरचा ‘कॉन्फिगर’ आपल्याला मिळालेले सारे पर्याय खालच्या सगळ्यांना वाटतो. ज्याचे त्याने उचलावे, बाकीचे सोडून द्यावे, अशी ती घरगुती व्यवस्था आहे. अनोळखी पर्याय थांबवून धरला असता तर ही वाटणीच मोडली असती. २००८ मधील आवृत्तीपासून ‘ऑटोकॉन्फ’ निदान इशारा देऊ लागले. ‘सीमेक’ही दिलेली चले वापरली गेली नाहीत असे शेवटी सांगते. तोवर पडद्यावरून शेकडो ओळी सरकून गेलेल्या असतात आणि बांधणी यशस्वी झालेली असते. यशस्वी झालेल्या कामाचे इशारे कोण वाचतो?

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे सारे एकाच आठवड्यात भेटू शकते. द्रव्यातून जाणाऱ्या कणांचे अनुकरण करणारे ‘जिअँट-४’ आणि आधारसामग्रीच्या विश्लेषणाचे ‘रूट’ ही दोन्ही साधने सर्नच्या परिसरात वाढलेली, दोन्ही ‘सीमेक’ने बांधली जाणारी. पहिल्याचे पर्याय मोठ्या लिपीत, दुसऱ्याचे बहुतेक लहान लिपीत. एकाची सवय हाताला लागली की दुसऱ्यात ती घात करते. रेण्वीय गतिकीच्या ‘ग्रोमॅक्स’मध्ये दुहेरी अचूकतेचे गणित हवे असल्यास ‘जीएमएक्स डबल’ हे चल मोठ्या लिपीत, मध्ये अधोरेषा देऊन चालू करावे लागते. तेच लहान लिपीत लिहिले तर बांधणी निर्वेध पार पडते, फक्त मिळते ते नेहमीचे मिश्र अचूकतेचे रूप. या प्रकल्पाच्या लेखकांनी एक दक्षता घेतली आहे, तिला दाद द्यायला हवी : दुहेरी अचूकतेने बांधलेल्या आज्ञावलीच्या नावाला शेवटी अधोरेषा आणि ‘डी’ जोडलेले असते. ते शेपूट दिसले नाही, की वापरणाऱ्याला शंका यावी. सगळे प्रकल्प इतके काळजीवाहू नसतात. बांधणीचा प्रकार सांगणारे ‘सीमेक’चे मूळ चल लहान लिपीत लिहिले आणि प्रकल्पाने स्वतःची काही तजवीज केलेली नसली, तर कंपायलरला वेग वाढवण्याची सूचनाच जात नाही. उत्तर बरोबर येते, पण कैक पटींनी उशिरा.

राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतून २०२४ च्या सप्टेंबरात पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे तीन ‘परम रुद्र’ यंत्रे संशोधनाला वाहिली गेली; पुण्याचे यंत्र जीएमआरटी दुर्बिणीच्या कामाचे. अशा सामायिक यंत्रावरील प्रत्येक तास दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून येतो. वाया गेलेल्या तासांचा हिशेब एक वेळ लागेल, पण एकेरी अचूकतेने काढलेला आकडा दुहेरी समजून निबंधात गेला, तर तो कुणी शोधायचा? आज्ञावलीचे नाव आणि आवृत्ती शोधनिबंधांत असते; ती कोणत्या पर्यायांनी बांधली, हे क्वचितच असते. बांधणीच्या वेळची नोंद आधारसामग्रीइतकीच जपून ठेवावी, असा आग्रह धरणाऱ्यांची संख्या अजून थोडी आहे.

मग सगळीकडे भेद मोडूनच का टाकू नये? विंडोज आणि मॅकओएस यांच्या नेहमीच्या फाइलव्यवस्था तो मानत नाहीत. लिनक्सचा गाभा अशा यंत्रावर उतरवून घेतला की काही फाइली एकमेकींना पुसून टाकतात, कारण नेटफिल्टर विभागात ‘टीसीपीएमएसएस’ या नावाची एक फाइल मोठ्या लिपीत आहे आणि एक लहान लिपीत. मोठ्या लिपीतील फाइल ‘काय करायचे’ हे सांगते, लहान लिपीतील ‘कुणाशी जुळवायचे’ हे. डिसेंबर २०१४ मध्ये ‘गिट’मधील एक गंभीर त्रुटी उघड झाली, तिचेही मूळ येथेच होते. ‘गिट’च्या गुप्त फोल्डरचे नाव मोठ्या लिपीत लिहून पाठवले तर आज्ञावलीला ते परके वाटे, फाइलव्यवस्थेला मात्र घरचेच.

याहून मोठी अडचण अशी, की ‘लहान-मोठे सारखे माना’ हे सांगणे सोपे नाही. तुर्की भाषेत टिंब असलेला आणि नसलेला असे दोन ‘आय’ आहेत, दोन्हींची मोठी रूपे वेगळी. रोमन अक्षरांतून देवनागरी लिहिण्यासाठी अविनाश चोपडे यांनी रचलेल्या ‘आयट्रान्स’ पद्धतीत लहान ‘टी’ म्हणजे ‘त’, मोठा ‘टी’ म्हणजे ‘ट’. लहान ‘ए’ ऱ्हस्व, मोठा ‘ए’ दीर्घ. त्या पद्धतीने लिहिलेला ‘मराठी’ हा शब्द सगळा लहान लिपीत केला तर वाचताना ‘मरथि’ हाती येते.

देवनागरीत लिहिले म्हणजे सुटका झाली, असे वाटण्याजोगे आहे. अर्नेट आज ‘शोध.भारत’ आणि ‘विद्या.भारत’ अशी डोमेन नावेही नोंदवते. त्यांत लहान-मोठे काही नाही. पण मराठीचा स्वतःचा एक तिढा आहे. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये निदान दोन वाटांनी लिहिता येतो. एका वाटेत नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त. दुसऱ्या वाटेत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकसारखे. लिनक्सच्या बाइटतुलनेला मात्र त्या दोन भिन्न फाइली.

जुलै २०१९ मध्ये लिनक्सच्या ५.२ आवृत्तीत ‘एक्स्ट ४’ फाइलव्यवस्थेला अक्षरभेद न मानणारे फोल्डर बनवण्याची सोय मिळाली. ती हवी असेल तर गाभा बांधताना ‘कॉन्फिग युनिकोड’ हा पर्याय चालू असावा लागतो. नाव अर्थातच मोठ्या लिपीत, उत्तर लहान ‘वाय’. या सोयीसाठी युनिकोडची जी सारणी गाभ्यात आली, तिच्यात अदृश्य चिन्हे तुलनेतून गाळली जातात. इंग्रजी, जर्मन वाचकाला त्यात काही वावगे दिसणार नाही. पण दुसऱ्या वाटेने लिहिलेल्या ‘दऱ्या’मधील जोडचिन्ह गाळले की उरतात ‘र’, हलन्त आणि ‘य’, म्हणजे ‘दर्या’. सह्याद्रीच्या दऱ्या आणि कोकणचा दर्या अशा दोन फाइली त्या फोल्डरमध्ये एकत्र राहू शकत नाहीत. २०२४ मध्ये अदृश्य चिन्हांचा हा नियम काढून पाहण्यात आला. परंतु नावे शोधण्यासाठी आधीच साठवलेल्या सांकेतिक संख्या जुन्या नियमाने काढलेल्या होत्या, नव्या गाभ्याला त्या जुळेनात आणि तो बदल त्याच वर्षाच्या डिसेंबरात मागे घेण्यात आला.